ट्रॉलीचा हूक कसा निवडावा? : ट्रॅक्टर, ट्रॉली आणि भाराची वाटणी

शेतीच्या कामात नांगरणी-पेरणीइतकेच महत्त्व वाहतुकीला आहे. शेणखत शेतावर न्यावयाचे, पीक खळ्यावर आणावयाचे, खळ्यावरून बाजारात अथवा कारखान्यात पोचवावयाचे, यांत वर्षातील कितीतरी दिवस जातात. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांच्याकडे तो वर्षातून जितके तास औतास जुंपला जातो त्याहून अधिक तास बहुधा ट्रॉली ओढतो. असे असूनही ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी बंधू अश्वशक्तीची जितकी चौकशी करतात तितकी चौकशी ट्रॉली ज्या हुकास अडकवावयाची त्या हुकाची करीत नाहीत. हूक म्हणजे एक लोखंडी तुकडा, पिन बसली की झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत किती महाग पडू शकते हे ध्यानी यावे व हूक निवडताना कोणता विचार करावा हे समजावे, यासाठी हा लेख आहे.

तळवली नाक्यावरील प्रसंग

ठाण्याच्या खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंतचा पट्टा पूर्वी भातशेतीचा व खाजणांचा होता. तळवली हे त्यांपैकीच एक गाव. १९७० नंतर नवी मुंबई वसविण्यासाठी या पट्ट्यातील गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि बैलगाडीच्या वाटांच्या जागी आज ठाणे-बेलापूर मार्गावरची मोटारींची रीघ दिसते. तथापि आसपासच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांचा या शहराशी असलेला व्यवहार तुटलेला नाही. त्यांचा तांदूळ व पेंढा अजूनही इकडे येतो.

भातकापणीनंतरच्या दिवसांत कल्याण तालुक्यातील एक शेतकरी आपल्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास दोनचाकी ट्रॉली जोडून या मार्गाने चालले होते. ट्रॉलीत तांदळाची पोती व पेंढ्याचे गठ्ठे होते. पेंढा वाटेतील एका गोठ्यावर आधी उतरवावयाचा म्हणून तो मागे ठेवलेला, आणि तांदूळ ऐरोलीच्या दुकानदारास शेवटी द्यावयाचा म्हणून सर्व पोती पुढच्या फळीस टेकून रचलेली. तळवली नाक्याजवळील उड्डाणपुलाच्या चढावर वाहने खोळंबली. ट्रॅक्टरही थांबला. पुन्हा निघताना मागील वाहनांच्या भोंग्यांनी घाई झाली, क्लच झटकन सुटला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाके रस्त्यापासून वीतभर उचलली गेली. मडगार्डवर त्यांचा बारा वर्षांचा मुलगा बसलेला होता. क्लच पुन्हा दाबला गेला म्हणून चाके खाली आदळली व अनर्थ टळला.

प्रस्तुत लेखक त्याच रांगेत मागे होता. पूल उतरून गाडी बाजूस घेतल्यावर शेतकरी म्हणाले, “साहेब, ट्रॅक्टर पंचेचाळीसचा आहे. ओढायला कुठे कमी पडला नाही. मग तोंड का उचललं?” हा प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तरही त्यातच होते. ट्रॅक्टर ओढण्यास कमी पडला नाही, म्हणूनच त्याचे तोंड उचलले गेले. ओढण्याची शक्ती आणि भार पेलण्याची ठेवण या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

बैलगाडीतील जुना धडा

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. गाडी भरताना माल मागे अधिक झाला की ती उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते, जोत्यांनी बैलांचे गळे आवळतात व त्यांचे पाय जमिनीवर नीट ठरत नाहीत. माल पुढे अधिक झाला तर जू मानेवर दाबते, खांदे सुजतात आणि बैल चालेनासे होतात. यास्तव जाणता गाडीवान माल आखाच्या थोडा पुढे भरतो, जू हाताने उचलून त्यावरील दाब अजमावतो आणि मगच बैल जुंपतो.

दोनचाकी ट्रॉली ही तत्त्वतः बैलगाडीच आहे. जुवाच्या जागी हूक आला व बैलांच्या जागी ट्रॅक्टरची मागील चाके आली. फरक इतकाच की बैलाची मान दुखली तर तो थांबतो. ट्रॅक्टरला दुखत नाही. हुकावर किती दाब पडला आहे हे चालकास कोणी सांगत नाही, आणि जू हाताने उचलून पाहण्याची सोयही राहिलेली नाही. म्हणून येथे हिशेबाने चालावे लागते.

हुकावरील भार कोठे जातो?

हूक ट्रॅक्टरच्या मागील आसाच्याही मागे असतो. त्यामुळे मागील आस हा टेकू, हूक हे तरफेचे एक टोक आणि पुढील चाके हे दुसरे टोक अशी रचना होते. हुकावर वजन पडले की मागील चाके अधिक दबतात व पुढील चाके हलकी होतात. पहारीने दगड उचलताना जे घडते तेच येथे घडते.

मागील चाकांवर थोडा अधिक भार येणे हितकारक असते, कारण त्यामुळे चिखलात व भुसभुशीत जमिनीत चाकांची पकड वाढते. त्रिबिंदू जोडणी प्रचारात आणणारे हॅरी फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरांसाठी जे दोनचाकी ट्रेलर निघाले त्यांची आस मुद्दाम मागच्या बाजूस ठेवलेली असे. मालाचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर यावा व हलक्या ट्रॅक्टरनेही ओल्या शेतातून माल काढता यावा, हा त्यातील हेतू होता. परंतु त्याबरोबर हूकही खाली, मागील आसाच्या अगदी निकट बसविलेला असे. आपल्याकडे दोनचाकी ट्रॉली आली, पण हूक खाली व निकट असावा हा तिचा दुसरा अर्धा भाग पुष्कळ ठिकाणी विसरला गेला.

पुढील चाके हलकी झाली तर काय बिघडते? पहिली गोष्ट, ट्रॅक्टर वळत नाही. चालक चाक फिरवतो, पण टायर रस्त्यावरून घसरत सरळच जातो. दुसरी गोष्ट, खड्डा किंवा चढ आला की पुढचे तोंड उचलले जाते. ट्रॅक्टर मागे उलटण्याची क्रिया एकदा सुरू झाली की सेकंद-दीड सेकंदात पूर्ण होते. चालकास विचार करण्यासही वेळ मिळत नाही. यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की कोणत्याही स्थितीत ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान एक-पंचमांश, म्हणजे शेकडा २० इतका भार पुढील चाकांवर राहिलाच पाहिजे.

एक हिशेब

समजण्यास सोपे जावे म्हणून मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊ. प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरचे आकडे घालून हाच हिशेब करावा. ट्रॅक्टरचे वजन १,९०० किलो धरू. त्यापैकी पुढील चाकांवर ७६० किलो व मागील चाकांवर १,१४० किलो आहे. दोन्ही आसांमधील अंतर १.९ मीटर असून हूक मागील आसाच्या मागे ०.६ मीटरवर आहे. ट्रॉलीचे रिकामे वजन १,००० किलो असून त्यापैकी ८० किलो हुकावर पडते. ट्रॉलीची आस हुकापासून ३.२ मीटर मागे आहे. ट्रॉलीत ४,००० किलो माल भरावयाचा आहे.

माल सारखा पसरून त्याचा मध्य ट्रॉलीच्या आसाच्या ३५ सेंटिमीटर पुढे ठेवला, तर हुकावर मालाचा भार ४,००० गुणिले ०.३५ भागिले ३.२, म्हणजे सुमारे ४४० किलो येतो. ट्रॉलीचे ८० किलो मिळवून हुकावरील एकूण भार सुमारे ५०० किलो झाला. भरलेल्या ट्रॉलीच्या ५,००० किलो वजनाचा हा दहावा हिस्सा होय. या ५०० किलोंमुळे पुढील चाकांवरील भार ५०० गुणिले ०.६ भागिले १.९, म्हणजे १५८ किलोंनी कमी होतो. पुढे ६०२ किलो उरतात. हे ठीक आहे.

आता तळवली नाक्यावरील ट्रॉलीप्रमाणे माल भरू. तांदळाची ३,००० किलो पोती आसाच्या एक मीटर पुढे आणि पेंढ्याचे १,००० किलो गठ्ठे आसाच्या ९० सेंटिमीटर मागे. एकूण माल तितकाच, ४,००० किलो. परंतु हुकावरील भार आता सुमारे ७३५ किलो होतो आणि सपाट रस्त्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवर ५२८ किलोच राहतात. ट्रॉली तीच, माल तोच, ट्रॅक्टर तोच. केवळ मांडणी बदलल्याने ७४ किलोंचा फरक पडला.

याउलट सर्व जड माल मागे टाकला व त्याचा मध्य आसाच्या ४० सेंटिमीटर मागे गेला, तर ट्रॉली उलाळ होऊन हूक ४२० किलोंच्या जोराने वर उचलला जातो. तेव्हा ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होतात, ती जागच्या जागी फिरू लागतात, आणि रस्त्यावर वेग घेताच ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते. उतारावर हे हेलकावे आवरता येत नाहीत. म्हणून उलाळ ट्रॉलीही तितकीच घातक समजावी.

हूक किती उंचीवर असावा?

वरील हिशेब उभ्या ट्रॅक्टरचा झाला. ट्रॅक्टर ओढू लागला की आणखी एक गोष्ट घडते. मागील चाके जमिनीस रेटतात व ट्रॉली हुकाजवळ मागे खेचते. हूक जमिनीपासून जितका उंच तितकी ही ओढ पुढील चाकांना अधिक उचलते.

दहा मीटर अंतरास एक मीटर चढ असलेल्या डांबरी रस्त्यावर ५,००० किलोंची ट्रॉली ओढण्यास सुमारे ६०० किलोंची ओढ लागते. हूक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर या ओढीने पुढील भार १४२ किलोंनी घटतो. हूक ७५ सेंटिमीटरवर असेल तर २३७ किलोंनी घटतो. शिवाय चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागे कलते, त्याचे सुमारे ७० किलो आणखी वजा करावे लागतात. ट्रॉलीतील मालही मागे कलत असल्याने हुकावरील दाब तेवढा थोडा हलका होतो. हे सर्व जमेस धरता, नीट भरलेल्या व खालच्या हुकास जोडलेल्या ट्रॉलीच्या बाबतीत पुढील चाकांवर सुमारे ४३० किलो उरतात. पोती पुढे रचलेल्या व उंच हुकास जोडलेल्या ट्रॉलीच्या बाबतीत केवळ २४५ किलोंच्या आसपास उरतात. आपल्या उदाहरणात एक-पंचमांशाची मर्यादा ३८० किलो आहे. पहिली ट्रॉली मर्यादेच्या आत राहिली, दुसरी तिच्याबाहेर गेली.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. चढावर थांबून क्लच झटक्याने सोडला तर ओढ एकाएकी दुप्पट-तिप्पट होते. हूक खाली असेल तर पुढील चाके उचलली जाण्यापूर्वी मागील चाकेच घसरतात व ट्रॅक्टर जागेवर राहतो. हूक उंच असेल तर मागील चाके घसरण्यापूर्वीच पुढचे तोंड वर येते. म्हणजे खालचा हूक चालकाची चूक पोटात घालतो, उंच हूक ती क्षमा करीत नाही. त्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरचा हूक पाहिला तेव्हा तो आपल्या चौकटीच्या सर्वांत वरच्या छिद्रात बसविलेला आढळला. ट्रॉलीची दांडी उंच होती म्हणून हूक वर नेला, असे त्यांनी सांगितले.

येथे नियम उलट असावयास हवा. हूक प्रथम योग्य उंचीस, म्हणजे उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत शक्य तितका खाली ठेवावा, आणि ट्रॉलीची दांडी त्यास जुळेल अशी करून घ्यावी. जोडणी झाल्यावर रिकामी ट्रॉली सपाट जागी जवळजवळ समतल दिसली पाहिजे. दांडीचे जोडकाम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण सर्व ताण त्या सांध्यावर येतो.

जोडणीचे प्रकार

ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली अडकविण्यासारख्या निरनिराळ्या जागा असतात. त्यांचे गुणदोष पुढे दिले आहेत.

१. चौकटीतील ट्रॉली-हूक. हा मागील आसाच्या पेटीस बोल्टांनी पक्का बसविलेला असतो व छिद्रांच्या साहाय्याने खाली-वर करता येतो. दोनचाकी ट्रॉलीसाठी हाच योग्य. विकत घेताना हूक मागील आसाच्या जितका जवळ असेल तितका चांगला. आपल्या उदाहरणात हूक ०.६ मीटरऐवजी ०.४ मीटरवर असता तर ५०० किलोंच्या भाराने पुढील चाके १५८ ऐवजी १०५ किलोंनीच हलकी झाली असती.

२. ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे येणारा ओढदांडा. हा खाली असल्याने ओढण्यास उत्तम, परंतु त्याचे टोक आसापासून दूर असल्याने वरून पडणारा भार त्यास सोसत नाही. चारचाकी ट्रॉली व ओढीची अवजारे यांस हा उपयोगी पडतो. दोनचाकी ट्रॉली जोडावयाची असल्यास त्यावर किती उभा भार चालतो हे पुस्तिकेत पाहावे व दांडा शक्य तितका आत घ्यावा.

३. हायड्रॉलिकच्या दोन खालच्या दांड्यांमधील आडवी पट्टी. भरलेली ट्रॉली या पट्टीस कधीही जोडू नये. ही पट्टी वर-खाली व बाजूस हलते, चालकाचा हात चुकून लिव्हरला लागला तर उंचीच बदलते, आणि तिचे टोक आसापासून फार मागे असते.

४. वरच्या दांड्याची जागा अथवा आसाची पेटी. अडकलेले वाहन काढण्यासाठी येथे साखळी बांधण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती प्राणघातक आहे. आसाच्या उंचीवर किंवा त्याहून वर ओढ लागली की ट्रॅक्टर मागे उलटण्यास उशीर लागत नाही.

पिन कोणत्याही प्रकारात योग्य जाडीची व उत्पादकाने दिलेलीच असावी. तिच्या टोकास खीळ असल्याशिवाय ट्रॉली हलवू नये. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट वापरणे म्हणजे पाच टन माल दैवावर सोडणे होय. शिवाय दांडी व ट्रॅक्टर यांना जोडणारी एक मजबूत साखळी असावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटणार नाही.

दोनचाकी की चारचाकी?

चारचाकी ट्रॉलीचा सर्व भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो. पुढील चाके फिरत्या चकतीवर असल्याने हुकावर केवळ दांडीचे वजन पडते. डांबरी रस्त्याने दूरची वाहतूक करावयाची असेल, माल जड असेल व ट्रॅक्टर मध्यम असेल तर चारचाकी ट्रॉली अधिक सुरक्षित. मात्र तिच्यामुळे ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर भार येत नसल्याने ओल्या शेतात चाके फिरतात, आणि ती मागे घेणे कठीण जाते. शेतातून बांधापर्यंत, बांधावरून खळ्यापर्यंत अशी जवळची ने-आण असेल, विशेषतः कोकणातील लहान खाचरांत, तेथे हलकी दोनचाकी ट्रॉली सोयीची पडते. तात्पर्य, काम कोणते हे आधी ठरवावे, ट्रॉली त्यानंतर आणि हूक ट्रॉलीप्रमाणे.

ऊस हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून दोन्ही फळ्यांच्या वर चढेपर्यंत भरल्या जातात हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. येथे वरील प्रत्येक धोका अनेक पटींनी वाढतो. ऊस उंच रचल्याने गुरुत्वमध्य वर जातो, चढावर पुढचे तोंड हलके होते, आणि उतारावर मागील सर्व वजन ट्रॅक्टरला ढकलते. वजन थोडे कमी भरून खेप सुखरूप पोचविणे हाच येथे नफ्याचा मार्ग होय.

परदेशातील भार वाटणारा हूक

अमेरिका व कॅनडा येथे मोटारीमागे चाकांवरील लहान घर जोडून प्रवास करण्याची चाल आहे. तेथेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. घराचा भार हुकावर पडला की मोटारीचा मागचा भाग खाली बसतो व पुढील चाके हलकी होतात. त्यावर त्यांनी भार वाटणारा हूक काढला. त्यात हुकाच्या डोक्यात दोन लवचिक पोलादी दांडे बसवितात व त्यांची मागील टोके साखळीने किंवा कड्यांनी ट्रेलरच्या चौकटीस ताणून अडकवितात. ताणलेले दांडे तरफेसारखे काम करून हुकावरील भाराचा काही भाग मोटारीच्या पुढील चाकांवर व काही ट्रेलरच्या आसावर नेतात. अशा ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ इतका भार हुकावर असावा, आणि दांडे त्या भारास अनुरूप जाडीचे निवडावे, असा तेथील प्रघात आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषि पर्यटन धोरण व २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरील घरांची माहिती आपल्या खेड्यांतही पोचू लागली आहे. त्यामुळे असा हूक ट्रॅक्टरला लावता येईल काय, असे शेतकरी विचारतात. याचे उत्तर स्पष्टपणे नाही असे द्यावे लागते. असा हूक मोटार व ट्रेलर यांना ताठ जोडतो. ट्रॅक्टर व ट्रॉली यांना बांध, नाला, खड्डे यांवरून जाताना एकमेकांशी मोकळेपणाने वाकावे लागते. ताठ दांडे लावल्यास चौकट किंवा दांडी मोडेल. गावच्या कारखान्यात त्याची नक्कल करून घेणे तर मुळीच इष्ट नाही. शिवाय मोटारीच्या बाबतीतही हा हूक भार केवळ वाटतो, कमी करीत नाही. वाहनाच्या क्षमतेबाहेरचे वजन त्यामुळे क्षमतेत येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ट्रॅक्टरसाठी तेच काम पुढील वजने करतात. ट्रॅक्टरच्या नाकाशी बसविण्याची बिडाची वजने उत्पादक देतो. आपल्या उदाहरणातील ट्रॅक्टरच्या पुढील आसाच्या ०.८ मीटर पुढे १०० किलो वजन लावले तर पुढील चाकांवरील भार १४२ किलोंनी वाढतो व मागील आसावरील ४२ किलोंनी कमी होतो. ही वजने किती लावावीत याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. गोणीत दगड भरून बोनेटवर बांधणे हा त्यावर उपाय नव्हे. तसेच मागील टायरांत पाणी भरल्याने ओढण्याची पकड वाढते, पण पुढची चाके जड होत नाहीत, हा भेद समजून घ्यावा.

वजनकाट्यावरील परीक्षा

आपल्या ट्रॅक्टरचे आकडे कोठून मिळवावयाचे? मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची ट्रॅक्टर-चाचणी करणारी संस्था आहे. तिच्या चाचणी-अहवालांत ट्रॅक्टरची वजने व ओढण्याची क्षमता दिलेली असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. परंतु आपल्या ट्रॉलीचा भार प्रत्यक्ष पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे वजनकाटा. बाजार समितीत, साखर कारखान्यात अथवा रस्त्याकडेच्या काट्यावर पुढील चार वजने करावी. काटा व त्यापुढील रस्ता समतल असावा.

पहिले वजन : ट्रॉली सोडून संपूर्ण ट्रॅक्टर काट्यावर.
दुसरे वजन : ट्रॉली सोडून ट्रॅक्टरची केवळ पुढील चाके काट्यावर.
तिसरे वजन : भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर, ट्रॉलीची चाके बाहेर.
चौथे वजन : भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टरची केवळ पुढील चाके काट्यावर.

तिसऱ्यातून पहिले वजा केले की हुकावरील भार मिळतो. तो पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक नसावा. दुसऱ्यातून चौथे वजा केले की पुढील चाके किती हलकी झाली ते कळते. चौथे वजन पहिल्याच्या एक-पंचमांशाच्या जवळ असेल तर सपाटीवरही काम धोक्याचे समजावे. चढासाठी व झटक्यासाठी बरीच शिल्लक हाताशी असली पाहिजे. यास्तव सपाटीवरील चौथे वजन पहिल्याच्या निदान शेकडा ३० असावे, असा सल्ला प्रस्तुत लेखक देतो.

उतार, ब्रेक व रस्ता

चढापेक्षा उतार फसवा असतो. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटते, आणि ट्रॅक्टर किंचित तिरका असेल तर त्यास आडवा फिरविते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. जो गिअर चढण्यास लागतो तोच उतरण्यास वापरावा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचविण्याचा मोह धरू नये. शेतात वळण्यासाठी डावा व उजवा ब्रेक वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडावी. नवी ट्रॉली घेताना ब्रेक असलेलीच घ्यावी. ट्रॉलीच्या मागे परावर्तक व दिवे असावेत, आणि ट्रॉलीची नोंदणी करून घ्यावी. मडगार्डवर, दांडीवर किंवा मालावर कोणासही बसू देऊ नये. मुलांना तर नाहीच नाही.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र करून एका ट्रॅक्टरवर वरील चार वजने प्रत्यक्ष करून दाखवावी. एकदा माल पुढे रचून व एकदा सारखा पसरून वजन घेतले की व्याख्यानाची गरज उरत नाही. काट्यावरील आकडे स्वतःच बोलतात. सभेस ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलांना व नोकरांना अगत्याने बोलवावे, कारण हूक मालकाचा असला तरी आसनावर ते बसतात. गावातील वयस्कर गाडीवानांनाही बोलवावे. उलाळ गाडी म्हणजे काय हे ते तरुणांना आपल्यापेक्षा चांगले समजावून सांगतील.

तळवली नाक्यावर भेटलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी काय केले, हे सांगून लेख पुरा करतो. पूल उतरल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेस ट्रॉली उभी केली. जवळपास निम्मी पोती मधोमध, आसाच्या वर ओढून घेतली आणि काही गठ्ठे पुढे आणले. मुलगा मडगार्डवरून उतरला व दुसऱ्या गाडीने घरी गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी हूक दोन छिद्रे खाली घेतला व ट्रॉलीची दांडी त्यास जुळवून घेतली. खर्च झाला तो केवळ दांडीच्या जोडकामाचा. महिन्याभराने भेट झाली तेव्हा ते म्हणाले, “माझे वडील गाडी भरताना जू उचलून बघायचे. आम्ही लोखंडाला जू नसतं असं समजलो.” लोखंडालाही जू असते. ते हाताने उचलून पाहता येत नाही, म्हणून काट्यावर पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.